दंडाची बेटकुळी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण. चिटणीसबाईंनी आग्रहाने लिहून मागितले, म्हणून आठवले तसे लिहून काढले आहे.)



मला बोलायला उभे केले आहे खरे, पण माझे शिक्षण इयत्ता सातवीपर्यंत. शाळेत एकदा टिळक पुण्यतिथीला भाषण केले होते. ते अर्ध्यावर विसरले आणि रडत खाली बसले. त्यानंतर उभी राहते आहे ती आज. तेव्हा मी मध्येच थांबले तर कुणीतरी टाळ्या वाजवा, म्हणजे माझी सुटका होईल.

चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्हाला जे येते त्यावर बोला." आता मला येते काय? पुरणपोळी तुम्हा सगळ्यांना माझ्याहून चांगली येते. रांगोळीचे तर नावच काढू नये. शेवटी मी म्हटले, "घरच्या घरी दंड कसे कमवावेत, यावर बोलू का?" बाई क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "हळदीकुंकवाच्या दिवशी?" मी म्हटले, हो, हळदीकुंकवाच्याच दिवशी. कारण मी या नादाला ज्या प्रसंगामुळे लागले, तो बायकांनीच ऐकण्यासारखा आहे. तो इथे सांगायला मी आमच्या आत्याबाईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, परवानगी घेतली आहे. पहिल्यांदा त्या "नको" म्हणाल्या. दोन दिवसांनी भाजी निवडता निवडता आपणहून "सांग" म्हणाल्या.

२०२३ सालच्या आषाढातली गोष्ट. आमचे हे कामावर गेलेले, मुले शाळा-कॉलेजात. घरात आम्ही दोघीच. आत्याबाईंचे वय तेव्हा ७४. आंघोळ आटोपून उठताना त्या न्हाणीत पाटावरून घसरल्या. दार नुसते लोटलेले होते म्हणून बरे. मी धावत जाऊन पाहते तो ओल्या फरशीवर बसलेल्या, अंगावर ओले लुगडे अर्धेच गुंडाळलेले. रक्त नाही, हाड मोडले नाही, कुठे फार दुखतही नव्हते. फक्त उठता येत नव्हते.

आत्याबाई काही वजनाने भारी नाहीत, जेमतेम पंचावन्न किलो. मी त्यांच्या काखेत हात घातले आणि ओढले. त्या वीतभर वर आल्या आणि पुन्हा खाली बसल्या. मी पुन्हा ओढले. साबणाचे पाणी, माझा पाय सरकतोय, त्यांचा हात माझ्या हातातून निसटतोय. पाच वेळा केले असेल. शेवटी माझे दंड असे थरथरू लागले, की मीच भिंतीला टेकून बसले. वीस मिनिटे अशी गेली. त्या थंडीने कुडकुडू लागल्या, तेव्हा मी त्यांच्या अंगावर एक चादर टाकली आणि शेजारच्या भाऊजींना हाक मारली.

त्या माणसाला मी कधीही बोल लावणार नाही. त्यांनी मान वळवून, भिंतीकडे पाहतच हात दिला. दोन मिनिटांत आत्याबाई उभ्या राहिल्या. पण ज्या बाईने पन्नास वर्षांत नवऱ्यासमोरसुद्धा डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, तिला त्या अवस्थेत परक्या पुरुषाने उचलले. त्या काही बोलल्या नाहीत. दोन दिवस कुणाशीच बोलल्या नाहीत.

एवढ्यावर भागले असते तर मीही विसरले असते. चार-पाच दिवसांनी माझ्या लक्षात आले, की त्यांच्या उशाशी ठेवलेला तांब्या सकाळी तसाच भरलेला असतो. चहासुद्धा अर्धाच घेऊ लागल्या. वाटले, रुसल्या आहेत. मग त्यांना उन्हाळी लागली. लघवीला आग, अंगात कणकण. तेव्हा खोदून खोदून विचारले, तर म्हणाल्या, "अगं, पाणी प्याले की जावे लागते. गेले की उठावे लागते. पुन्हा पडले तर तू कुणाला बोलावशील?"

मैत्रिणींनो, त्या मला बोलल्या नव्हत्या, मला नावे ठेवली नव्हती. पण मला ते फार लागले. माझ्या हातात जोर नाही म्हणून माझी सासू तहानलेली राहत होती.

डॉक्टरांनी उन्हाळीचे औषध दिले आणि आम्हा दोघींना व्यायाम शिकवणाऱ्या ताईंकडे पाठवले. फिजिओथेरपी म्हणतात ना, त्या. वयाने माझ्या लेकीएवढ्या, पण बोलायला खणखणीत. त्यांनी आधी माझीच हजेरी घेतली. म्हणाल्या, "काखेत हात घालून ओढलेत ना? पुन्हा असे करायचे नाही. म्हाताऱ्या माणसाचा खांदा निखळतो आणि तुमची कंबर धरते." मग त्यांनी पडलेल्या माणसाला कसे उठवायचे ते दाखवले. ते मी शेवटी सांगणार आहे, कारण त्यासाठी स्टूल आणले आहे.

नंतर त्यांनी माझ्या हातात दोन किलोचे डंबेल दिले आणि खांद्यापासून सरळ डोक्यावर उचलायला सांगितले. आठव्या वेळेला माझा हात लटपटू लागला. मला रागच आला. मी म्हटले, "ताई, मी दिवसभर घरात राबते. कपडे, भांडी, पाण्याच्या बादल्या. मला कसला व्यायाम सांगता?"

त्यावर त्या जे बोलल्या ते मला पटायला महिना लागला. त्या म्हणाल्या, "तुमच्या कामाला तुमचे स्नायू केव्हाच सरावले आहेत. तीच बादली, तेवढेच पाणी, तेवढेच अंतर, वीस वर्षे. स्नायू फार हिशेबी असतो. जेवढ्या कामावर भागते तेवढाच राहतो. त्याला कालच्यापेक्षा थोडे जास्त मागितले तरच तो वाढतो. आणि तिशीनंतर काहीच मागितले नाही, तर दर दहा वर्षांत शंभरातले तीन ते आठ भाग आपोआप झिजतात. साठीनंतर ते आणखी वेगाने जातात."

आणि खरे सांगायचे तर, आपण राबतो राबतो म्हणतो, पण काय राबतो? माझी आजी पहाटे जात्यावर बसे. दोन पायल्या दळून झाल्यावर आडाचे पाणी ओढी. तिच्या दंडावरच्या वाक्या हलत नसत. आपल्या घरी मिक्सर आहे, वॉशिंग मशीन आहे, नळाला पाणी येते. कुणी म्हणेल, मग जाते परत आणा. मी मुळीच म्हणणार नाही. आजीचे दंड मी पाहिले, तशी तिची वाकलेली पाठही पाहिली आहे. तिला कुणी "आज दमलीस, उद्या विसावा घे" असे म्हटले नाही. म्हणून म्हणते, जाते गेले ते फार चांगले झाले. फक्त जात्याने हाताला जे दिले ते दुसरीकडून मिळवायला हवे.

तर वजने. माझ्या मनात व्यायाम म्हणजे तालीम, लाल माती, नाही तर आमचा पुतण्या जातो ते जिम, जिथे वीस-वीस किलोचे लोखंड उचलतात आणि ओरडतात. त्याची फी ऐकूनच मी गप्प बसले असते. ताई हसल्या. म्हणाल्या, "वजन हलके असले तरी चालते. मात्र हात दमला पाहिजे." कॅनडात २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला म्हणे. ४९ तरुण घेतले, व्यायामाची सवय असलेले. निम्म्यांना जड वजन दिले, ते आठ-बारा वेळा उचलून हात थकायचा. निम्म्यांना हलके दिले, ते वीस-पंचवीस वेळा उचलावे लागे. दोघांनाही सांगितले, की आता आणखी एकदाही उचलवत नाही, इथपर्यंत करायचे. बारा आठवड्यांनी मोजले तर दोन्हीकडचे स्नायू सारखेच वाढले होते. माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो असा, की किलो किती हे महत्त्वाचे नाही, शेवटच्या दोन-चार वेळा जड गेल्या पाहिजेत, हे महत्त्वाचे.

मग मी घरात शोधाशोध केली. पाण्याची बाटली हे देवाने दिलेले माप आहे. एक लिटर पाणी म्हणजे बरोबर एक किलो. अर्ध्या लिटरची बाटली म्हणजे अर्धा किलो. तराजू नको, काही नको. मी अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्यांनी सुरुवात केली. मग लिटरच्या घेतल्या. त्या सोप्या वाटू लागल्या तेव्हा त्यांत सुकी वाळू भरली, की त्याच बाटलीचे साधारण दीड किलो झाले. एक सूचना करते. झाकण घट्ट लावा. माझ्या बाटलीचे झाकण डोक्यावर असताना उडाले आणि वाळू केसांत गेली. सोमवारी न्हाऊन झाले होते, मंगळवारी पुन्हा न्हावे लागले.

करायचे काय, तर बेटकुळीचा व्यायाम सगळ्यांना ठाऊकच आहे. बाटली हातात धरून कोपर बरगडीला चिकटवायचे, तळहात समोर, आणि बाटली खांद्यापर्यंत आणायची. आणताना दोन मोजा, खाली नेताना चार मोजा. खाली नेताना सावकाश, यात सगळी मेख आहे. मी पहिल्या आठवड्यात झोके देत होते. अंग मागे टाकायचे आणि बाटली वर भिरकवायची. त्यात हाताला काहीच होत नाही, कंबर मात्र बोलू लागते.

पण बेटकुळीचा फार अभिमान धरू नका. मला हे नवीनच कळले. दंडात पुढे बेटकुळी असते ती लहान, आणि मागे जो स्नायू लोंबतो, ज्याला आपण "ब्लाउजच्या बाहीतून बाहेर येतो" म्हणून नावे ठेवतो, तो दंडाचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग. ओढायला पुढचा लागतो, पण खुर्चीच्या हातावर रेटून उठायला, दार ढकलायला, पडताना हात टेकून सावरायला हा मागचा लागतो. आत्याबाईंना त्या दिवशी उठता आले नाही, त्यात पायांइतकाच या मागच्या स्नायूचा वाटा होता. त्याच्यासाठी एक बाटली दोन्ही हातांनी डोक्यावर धरायची, कोपरे कानाजवळ ठेवून ती मानेमागे न्यायची आणि पुन्हा सरळ वर. पहिल्या दिवशी मी अर्ध्या किलोने बारा वेळा केले आणि दुसऱ्या दिवशी वेणी घालता येईना.

दुसरा याहून सोपा, त्याला बाटलीसुद्धा नको. स्वयंपाकाच्या ओट्याच्या कडेला दोन्ही हात टेकायचे, पाय दोन पावले मागे घ्यायचे, अंग फळीसारखे ताठ ठेवायचे आणि कोपरे वाकवून छाती ओट्याजवळ आणायची, पुन्हा रेटून लांब जायचे. जिला हेही जड जाईल तिने भिंतीवर हात टेकून करावे. सूर्यनमस्कारात आपण अंग खाली नेतो ना, त्याचाच हा धाकटा भाऊ. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा एवढा प्रसार केला, आणि आपल्या आजोबांच्या पिढीने ते घातलेही. आपण बायका मात्र "वेळ नाही" म्हणून राहिलो. ओट्याच्या व्यायामाला वेळ लागत नाही. कुकरची पहिली शिट्टी होईपर्यंत दोन फेऱ्या होतात.

आणखी एक सांगते, तो मला सगळ्यांत आवडतो. कापडी पिशवीत पाच किलो गहू घालायचे. एक हात खुर्चीवर टेकून कमरेतून वाकायचे, पाठ सरळ, आणि दुसऱ्या हाताने पिशवी खालून कमरेपर्यंत ओढायची, आडाचा दोर ओढावा तशी. याने दंड आणि पाठ दोन्ही कामाला लागतात. गव्हाचे दळण संपत आले, की वजन कमी होते, मग ज्वारी घालते.

प्रत्येक व्यायाम जेवढ्या वेळा झेपेल तेवढा, अगदी शेवटची एक-दोन आवर्तने राहतील इथपर्यंत. मग दोन मिनिटे विसावा. अशा तीन फेऱ्या. वजन तीसच्या वर उचलता येऊ लागले, की वजन वाढवायचे. आणि हे रोज करायचे नाही. इथे माझी मोठी चूक झाली. मी उत्साहाच्या भरात सकाळ-संध्याकाळ रोज करू लागले. तिसऱ्या आठवड्यात उजवे कोपर असे दुखू लागले, की पोळी लाटता येईना. ताई चांगल्याच रागावल्या. स्नायू उचलताना वाढत नाही, विसाव्यात वाढतो, हे त्यांनी मला वहीत लिहून दिले. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे, की आठवड्यातून निदान दोन दिवस तरी स्नायूंना जोर लागेल असे काहीतरी करावे. तेव्हा तीन दिवस म्हणजे पुष्कळ झाले. मला एकंदर पंचवीस मिनिटे लागतात. दुपारच्या मालिकेच्या अर्ध्या भागाएवढी.

श्वास मात्र कोंडून धरू नका. उचलताना सोडा, खाली नेताना घ्या. रक्तदाबवाल्या बायकांनी, किंवा जिचे मोतीबिंदूचे, पोटाचे ऑपरेशन नुकतेच झाले आहे तिने आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बाटलीला हात लावू नये. आणि स्नायू अवघडणे वेगळे, सांध्यात कळ येणे वेगळे. कळ आली, की थांबायचे.

पहिला महिना काही दिसत नाही, हे आधीच सांगून ठेवते, नाही तर मला येऊन भांडाल. ताकद थोडी वाढते, पण ती स्नायू वाढल्यामुळे नव्हे. मेंदू आणि हात यांची ओळख पक्की होते म्हणून. दिसायला दोन-तीन महिने लागतात. मला चौथ्या महिन्यात दिसले, आणि तेही मला नव्हे, शिंपीणबाईंना. ब्लाउज नेला तर म्हणाल्या, "वहिनी, बाही अर्धा इंच वाढवायची का? दंडात दाटते आहे." मी रस्त्यातून हसत घरी आले.

त्यावरून थट्टाही झाली. आमचे हे म्हणाले, "आता कोल्हापूरला खासबागेत नाव द्या." एका मावशींनी तर काळजीने विचारले, "पुरुषासारखे दंड झाले तर गं?" मावशी समोर बसल्या आहेत, त्यांनी राग मानू नये. पुरुषांच्या अंगात जो रस स्नायू फुगवतो, तो बायकांच्या अंगात फारच थोडा असतो. बाटल्या उचलून बाई पहिलवान होत नाही. मणिपूरची मीराबाई चानू पाहा. २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये तिने दोन प्रकारांत मिळून २०२ किलो उचलले आणि रौप्यपदक आणले. तिचा गट ४९ किलोचा, म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणींपेक्षा ती हलकी. आणि कानात आईने दिलेली सोन्याची कर्णफुले, ऑलिंपिकच्या पाच कड्यांच्या घडणीची. मला तर त्या २०२ किलोंपेक्षा ती कर्णफुले जास्त आठवतात.

आता जेवणाचे. इथे मी थोडी स्पष्ट बोलणार आहे. स्नायू हवेवर वाढत नाही, त्याला प्रथिने लागतात. वजनाच्या किलोमागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम, असे आपल्याकडच्या पोषणशास्त्राच्या मोठ्या संस्थेने ठरवले आहे. माझे वजन बावन्न किलो, म्हणजे त्रेचाळीस ग्रॅम. लेकीने वहीत माझ्या एका दिवसाच्या जेवणाचा हिशेब मांडला. दोन भाकरी, थोडा भात, चहातले दूध आणि पातेल्याच्या तळाची आमटी. ती तिसाच्या आतच निघाली. मी रोज डाळ शिजवत होते, पण खात नव्हते. सगळ्यांना वाढून झाल्यावर वर राहते ते पाणी. डाळ ह्यांच्या आणि मुलांच्या वाटीत. कुणी मला खाऊ नको म्हटले नव्हते. मीच पळीने खालची डाळ त्यांना वाढत होते, आणि त्यात मला काहीतरी पुण्य वाटत होते.

आता मी आमटी आधी ढवळते आणि पहिल्यांदा दोन वाट्या बाजूला काढते, एक आत्याबाईंची, एक माझी. घट्ट. मूठभर भाजलेले शेंगदाणे म्हणजे सात ग्रॅम, एक अंडे म्हणजे सहा ग्रॅम, पेलाभर दूध म्हणजे सहा-सात. आत्याबाई अंडे खात नाहीत, त्यांना भिजवलेली मटकी आणि ताक. सुरुवातीला धाकट्याने "आज आमटी पातळ का?" असे विचारले. त्याला उत्तर मी दिले नाही, ह्यांनीच दिले. काय दिले ते घरातले आहे, इथे सांगत नाही.

आत्याबाईंचे सांगायचे राहिलेच. ताईंनी त्यांनाही व्यायाम दिला होता, पण त्या म्हणाल्या, "आता लाकडे स्मशानात गेली, मला कशाला?" मग ताईंनी त्यांना अमेरिकेतली एक हकिकत सांगितली. १९९० साली बोस्टनच्या एका वृद्धांच्या आश्रमात नव्वदीच्या दहा जणांना पायाने वजन उचलायला लावले, आठ आठवडे. एकाने मध्येच सोडले, नऊ जणांनी पुरे केले. त्यांच्या पायांची ताकद सरासरीने पावणेतीनपट झाली. आत्याबाईंनी ऐकून घेतले आणि विचारले, "नव्वदीच्या? मग मी तर पोर आहे." तरी त्या बाटलीला हात लावीनात. शेवटी मी युक्ती केली. मी बाटल्या उचलायला बसले, की त्यांना आकडे मोजायला सांगू लागले. मोजता मोजता त्या चुका काढू लागल्या. "हात वर नाही गेला. हा धरणार नाही मी." एक दिवस पाहते तो त्यांच्या हातात पाव लिटरची तेलाची रिकामी बाटली, पाण्याने भरलेली.

त्या खुर्चीवर बसून करतात. बाटली खांद्यापर्यंत. मग दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर रेटून बूड इंचभर उचलायचे आणि सावकाश टेकायचे. पहिल्या दिवशी दोन वेळा झाले. आता बारा वेळा होते. टॉवेल पिळण्याचाही व्यायाम करतात, मुठीला जोर येतो म्हणून. बरणीचे झाकण अडले, की आमचे धाकटे चिरंजीव आता आजीकडे नेतात, ही खरी गोष्ट आहे.

२०२४ सालच्या मार्गशीर्षात त्या पुन्हा पडल्या. या वेळी रात्री, पलंगाजवळ. ह्यांची रात्रपाळी होती. मी दिवा लावला. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "कुणाला हाक मारू नकोस. स्टूल आण."

तर ते स्टूल हे. (येथे स्टेजवर करून दाखवले.) माणूस पडले, की आधी घाईने उठवायचे नाही. कुठे दुखते का, पाय वाकडा दिसतो का, डोके आपटले का, ते विचारा. तसे काही असेल तर हलवू नका, पांघरूण घाला आणि १०८ ला फोन करा. काही नसेल तर त्यांना कुशीवर वळवा. मग कोपरावर रेटून, रांगणाऱ्या बाळासारखे हात-गुडघ्यांवर येऊ द्या. समोर स्टूल ठेवा, लाकडी, भिंतीला टेकवून. प्लास्टिकचे सरकते, ते नको. दोन्ही हात स्टुलावर. जो पाय चांगला तो पुढे टेकवायचा, आणि आता हातांनी स्टूल खाली रेटायचे. इथे तो मागचा स्नायू कामाला येतो. आपण मागे दुसरी खुर्ची सरकवायची, की त्यांनी तीवर बसायचे. आपला हात त्यांच्या कमरेला, नुसता आधाराला. ओढायचे नाही.

त्या रात्री सगळे मिळून सात-आठ मिनिटे लागली असतील. मध्ये एकदा त्यांचे गुडघे डळमळले, तेव्हा त्यांचा सारा भार माझ्या डाव्या हातावर आला आणि हात खाली गेला नाही. खुर्चीवर बसल्यावर त्या बराच वेळ धापा टाकत होत्या. मीही. मग म्हणाल्या, "पाणी दे गं." मी तांब्या दिला. त्या सगळा प्याल्या, आणि थोड्या वेळाने भिंतीला धरून आपल्या आपण जाऊन आल्या.

आत्याबाई तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. ज्यांना स्टुलाचे नीट कळले नसेल त्यांनी त्यांनाच विचारावे, त्या माझ्याहून चांगले दाखवतात. बाटल्या मी सहा आणल्या आहेत, दोन वाळूच्या आहेत, त्या जपून उचला. आणि स्टूल कार्यक्रम संपल्यावर कुणी खुर्च्यांबरोबर मंडळाच्या खोलीत ठेवू नये. ते रात्री पलंगाजवळ लागते.